तीन की नऊ

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरला वर्गात होते. "तुझे काका गेले ग..." काकूचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, कुठे बाहेरगावीच गेले असतील. त्याला आता दीड महिना होत आला, पण अपराधीपणा काही जात नाही.

काका उज्जैनच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतरही टावर चौकात पोहे खाताना समोरच्या ऑटोच्या नंबराला तेरानं भाग जातो का ते बघत बसायचे, आणि पोहे गार झाले म्हणून काकू करवादायची. गेल्या दिवाळीत मी त्यांना गंमत म्हणून एक संख्या दिली : ७३९३९१३३. ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही. उजवीकडचा एकेक अंक खोडत गेलं तरी उरलेली संख्या दर वेळी मूळच राहते, अगदी एकटा सात उरेपर्यंत. काका लहान मुलासारखे हरखले. "अरे वा, कितीही छाटा, हिचं काही बिगडत नाही!" मग त्यांना नादच लागला. उजवीकडे आणखी एक अंक जोडून ही लांबवता येईल का? सम अंक आणि पाच लगेच बाद. एक किंवा सात जोडला की अंकांच्या बेरजेमुळे तीननं भाग जातो. उरले तीन आणि नऊ. उत्तर मला ठाऊक होतं, पण काकांनी दटावलं, "मशीनचं उत्तर मला नको. बताना मत." आणि अधू डोळ्यांनी ते हातानं भागाकार करत राहिले.

फ्रीगंजच्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली. मी निघताना त्यांनी माझा हात धरला. "बेटा, आता सांगून टाक. तीन की नऊ?"

मी हसून म्हटलं, "घरी चला, तुम्हीच काढा."

"ठीक है..." म्हणाले आणि डोळे मिटले.

गणित अर्धं राहिलं तर त्यासाठी तरी घरी येतील, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटली. उत्तर होतं, दोन्ही नाहीत. त्या खाटेशी उभं राहून 'पुढे काही नाही' हे शब्द मला उच्चारायचे नव्हते. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना लहान पोरासारखं फसवलं.

परवा उज्जैनला गेले. काकू ओट्याच्या एका कडेला पोळ्या लाटत होती. उरलेल्या काळ्या दगडावर काका खडूनं भागाकार मांडायचे. ती जागा ती अजून मोकळीच ठेवते, पिठाचा डबासुद्धा तिथे ठेवत नाही.

"शेवटी काय विचारत होते ग तुला?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. दोन्हींना भाग जातो, संख्या तिथेच संपते, हेही.

काकूचं लाटणं थांबलं. "मग सांगायचं ना ग," ती म्हणाली. "निश्चिंत झाले असते."