बोलण्याआधीचा घोट

मामी फोनवर कधी हळू बोलत नाही. पलीकडचा माणूस दुसऱ्या गावाला आहे म्हणजे तिथपर्यंत आवाज पोचवणं आपलं काम, असा तिचा हिशेब. त्या सकाळी मात्र तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला नीट ऐकूच येईना. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. दारात ट्रक उभा होता, माल उतरत होता. मी कोपऱ्यात गेले, दुसऱ्या कानावर हात ठेवला. "तुझं मामा गेलं गं वैशे..." एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेले. चहाला उठवायला गेली तेव्हा तिला कळलं. मी हातातल्या चलनावर सही केली, जागेवर दुसऱ्याला उभं केलं आणि कोल्हापूरच्या गाडीत बसल्या बसल्या कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी लिहायला घेतली. हात मोकळे राहिले की मला काही सुचत नाही. यादी पुरी झाली तरी गाडी पोचली नव्हती... तेव्हा मात्र खिडकीबाहेर बघत बसण्याखेरीज काही उरलं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. कोल्हापूरच्या गूळ बाजारात एका अडत दुकानात त्यांचा जन्म गेला आणि तिथलं त्यांचं काम म्हणजे सौदा पुकारणं. गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, रांगेनं मांडलेले असायचे. भोवती व्यापाऱ्यांचं कडं, आणि कड्याच्या बाहेर गूळ घेऊन आलेला शेतकरी, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मामा एकेका थप्पीसमोर उभे राहून भाव पुकारायचे, आणि आवाज असा की पार रस्त्यावरचा माणूस मान वळवायचा. "पुकारणाऱ्याचा आवाज पडला की भाव पडतो," असं ते म्हणायचे, आणि त्यात थट्टा नव्हती. निवृत्त झाल्यावरही दिवाळीच्या पाडव्याला हंगामातला मुहूर्ताचा सौदा पुकारायचा मान दुकानानं त्यांच्याकडेच ठेवला होता. वर्षभर ते त्या एका सकाळची वाट बघत. घरात भाजी आली तरी पुकारूनच पिशवी रिकामी करत. मामी म्हणायची, "गप बसा की वो, वांगी हाईत ती, गूळ न्हवं."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हे घर मुकं झालं. मी शनिवारी जायचे तेव्हा मामा खुर्चीत, गालात गुळाचा खडा, आणि विचारलं त्याला हूं किंवा मानेनं उत्तर. मामी स्वयंपाकघरातून मला ऐकवायची, म्हणजे खरं तर त्यांना. "भाकरी मोडत न्हाईत. घास फिरवत बसत्यात आन् ताटात ठेवून उठत्यात. आता माझ्या हातची नको झाल्या." मामा ऐकायचे आणि गप्प राहायचे. त्या गप्प राहण्याचा अर्थ मामीनं एकच काढला आणि तीही बोलेनाशी झाली. मग ताट वाढल्याचं कळायचं ते पाट सरकवल्याच्या आवाजावरून. कानांची तपासणी झाली, कान ठणठणीत. कवळी बसवायची का, यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणूस असाच आत आत जातो. मामा वाळत चालले होते, सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली होती.

मग एका दुपारी जेवताना भाकरीचा तुकडा त्यांच्या घशात अडकला. आवाज नाही, खोकला नाही, नुसते डोळे मोठे झालेले. मामी हातातला पळा टाकून धावली. मी त्यांना पुढं वाकवून पाठीत जोरजोरानं थापट्या मारल्या. तुकडा बाहेर पडला तो जसाच्या तसा, कोरडा, कागदासारखा... इतका वेळ तोंडात फिरवलेला घास ओला कसा झाला नाही, हे त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाढ दुखत होतीच, ते निमित्त झालं. मामीही बरोबर आली.

डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा तोंडात घातला आणि तो गालाला आतून चिकटला. त्यांनी हळूच सोडवला, परत लावला, परत चिकटला. "मामा, तोंडाला कोरड कधीपासून आहे?"

मामांनी मामीकडं बघितलं, मग छताकडं. "पार शिमग्यापास्नं."

"शिमग्यापास्नं?" मामी उभीच राहिली. "आन् मला का न्हाय सांगितलं?"

"सांगाय जीभ हलाय नको व्हय?" मामा म्हणाले. "टाळ्याला चिकटत्या. बोलाय गेलं की चटक-चटक आवाज येतोय. लोक हसत्याल म्हणून गप बसतोय... आन् दुकानात कळलं तर पाडवा दुसऱ्याला देत्याल."

मामी खाली बसली. इतके महिने तिनं जे मनाला लावून घेतलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसलं. पण त्या जागी आला तो राग. "मी मेली हितं भाकरी थापून थापून हात भाजून घेत्या, आन् तुमचं आपलं पाडवा!"

गालातल्या गुळाचं विचारल्यावर मामा ताठ झाले. गूळ चघळला की तोंडाला पाणी सुटतं, आम्ही गुळातली माणसं, आम्हाला सांगू नका. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पाणी सुटतं, पण घटकाभर, त्या म्हणाल्या. लाळेचं काम दात धुण्याचं. ती नाही म्हटल्यावर दिवसभराचा गूळ दातांच्या मुळाशी बसून राहतो. दाढा तशाच किडल्या होत्या, आणि जिभेवर बुरशी धरली होती, म्हणून तिखट लागलं की आग. नुसतं वय झालं म्हणून कोरड पडत नाही, कारण शोधावं लागतं, असंही त्या म्हणाल्या. मी पर्समधली गोळ्यांची यादी पुढं केली. सर्दीची एक गोळी मामा औषधांच्या दुकानातून स्वतःच आणून रोज घेत होते, आणि सारखं लघवीला जावं लागतं म्हणून एक वेगळी चालू होती. बाईंनी त्या दोन्हींवर बोट ठेवलं. "यांनी तोंड सुकतं. पण मनानं काही बंद करू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा."

मामांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. पाडवा तोंडावर आला होता. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबायचं सोडून त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या, बीपीचीसुद्धा, आणि मामीला पत्ता लागू दिला नाही. मी कारखान्यात असताना तिचा फोन आला. त्यांना उठलं की गरगरतंय, डोकं ठणकतंय, आणि गोळ्यांची पाकिटं मोरीमागच्या डब्यात सापडली होती. मी पोचले तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांकडे बीपीचा पट्टा फुगत होता आणि मामी भिंतीकडं तोंड करून उभी होती. डॉक्टरांनी आकडा आम्हाला सांगितला नाही. परत मोजला, मग परत. मामांना आत झोपवून ठेवलं. बाहेरच्या बाकावर मामी माझा हात धरून बसली आणि इतकंच म्हणाली, "पाडवा गेला खड्ड्यात. बोलू नका एक शब्द, पण ऱ्हावा म्हणावं."

ते राहिले. बीपीची गोळी परत सुरू झाली, सर्दीची कायमची गेली, लघवीची बदलली. बाकीचं सगळं घरात करायचं होतं आणि ते माझ्या आवडीचं काम होतं. गूळ जेवणातच, एरवी चघळायला साखर नसलेली गोळी. दोन्ही वेळा दात घासायचे, बाईंनी दिलेल्या पेस्टनं. जिभेवर औषध. कृत्रिम लाळेची जेल हिरड्यांना. भाकरी आमटीत कुस्करून. मामा अधूनमधून तंबाखू मळायचे, त्याची डबी मामीनं स्वतः फेकली. आणि पाणी, एकदम तांब्याभर नाही, घोट घोट. मामीनं त्यासाठी तिच्या लग्नातलं तांब्याचं फुलपात्र काढलं, चिंचेनं घासून लख्ख केलं आणि त्यांच्या हाताशी ठेवलं. लघवीच्या भीतीनं ते पाणीच पीत नव्हते, हे तेव्हा उघडकीला आलं. कोरड पुरती गेली नाही कधीच. पण भाकरी पोटात जायला लागली.

पाडव्याच्या सकाळी मामी पहिल्यांदा गूळ बाजारात आली, हातात ते फुलपात्र घेऊन. मामांचा फेटा बांधून झाला होता आणि ओठ पांढरे पडले होते. भीतीनंही तोंड सुकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथं अशी रीत आहे की पहिला रवा फोडून त्यातला खडा पुकारणाऱ्याच्या तोंडात घालायचा आणि मगच पुकार. दुकानाच्या मालकांनी खडा पुढं केला. तो त्या कोरड्या तोंडात गेला असता तर न विरघळता जिभेला चिकटून बसला असता आणि पुकार तिथंच संपला असता. आणि नाही म्हणणं म्हणजे शेतकऱ्याच्या पहिल्या मालाला नाही म्हणणं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय वो, गूळ कडू हाय काय?"

मामांनी खडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि वळून मामीच्या तोंडात घातला. मग तिच्या हातातलं फुलपात्र घेऊन एक घोट तोंडात धरला. किती वेळ धरला ते मला सांगता येणार नाही; मला तो फार मोठा वाटला. कुणी हललं नाही... घोट गिळला, मान वर केली, आणि पुकारलं. पहिला शब्द फाटला. दुसरा रस्त्यापर्यंत गेला. मामी तोंडातला गूळ न चावता तशीच उभी होती.

त्या दिवसापासून ती त्यांची सवयच झाली. काही विचारलं की आधी फुलपात्र, घोट, थोडं थांबणं, मग उत्तर. आम्ही सगळे थांबायला शिकलो. घाईत असणारी मीसुद्धा. शेवटच्या शनिवारी मी निघताना विचारलं, "पुढच्या शनिवारी येताना काय आणू?" त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, मला चांगलं ताटकळत ठेवलं आणि म्हणाले, "यादी सोडून काय बी आण."

दिवसकार्य उरकून काही आठवडे झाले. गेल्या शनिवारी मी कपाट आवरायला गेले होते. काय द्यायचं, काय ठेवायचं, हे मी नेहमीसारखं लिहून नेलं होतं. फेटा ठेवायचा, औषधं परत करायची, असं पुढं पुढं जात खुर्चीजवळ आले. फुलपात्र तिथंच होतं, लख्ख, काठोकाठ भरलेलं. "मामी, याचं काय करायचं?" मी विचारलं. फोनवर गावाला ऐकू जाईल असं बोलणारी माझी मामी खुर्चीजवळ आली. तिनं फुलपात्र उचललं, एक घोट घेतला आणि तोंडात धरला. मी पेनाला टोपण लावून उभी राहिले.