जाळी काढायची राहिली

फोन आला तेव्हा मी शांताक्काच्या परसात जाळीपाशी उभी होते. हातात कण्यांची वाटी, ऑफिसला जायची घाई, आणि जाळीपलीकडनं तिचा म्हातारा कोंबडा मान तिरकी करून माझ्याकडं बघत असलेला. "आई गेली," एवढंच तिची मुलगी सुरेखा दवाखान्यातनं म्हणाली. मी "बरं" म्हणाले. बरं... दीड महिना झाला, तो शब्द अजून मला सलतो.

खासबागेत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी मूळची खानापूरकडची, कॅम्पमधल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. आक्का सदलग्याची, जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली. मला ती कधी स्वस्थ बसलेली आठवत नाही. मशीनवर बसायची तेवढीच, पण तिथंही पाय चालूच. जेवायचीसुद्धा उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. तिचे यजमान अण्णा बसचे ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, "हिला ब्रेकच न्हाय."

तिच्या दोन्ही कोंबड्या एका दुपारी मुंगसानं मारल्या आणि कोंबडा एकटा उरला. दिवसभर भिंतीच्या कडेनं येरझारा घालायचा, भलत्या वेळी आरवायचा. आक्का माहेरी गेली ती येताना डालग्यात पाच तलंगा घेऊनच आली, अजून अंड्यावर न आलेल्या. ती हातपाय धुवायला आत गेली आणि मी डालगं उघडलं. सोडून दिल्या की जमेल आपोआप, असं मला वाटलं. कोंबडा सरळ सगळ्यांत बारक्या तलंगेवर गेला. ओढून काढेपर्यंत तिचं डोकं रक्तानं भरलं होतं. हळद लावली, पण दुसऱ्या दिवशी ती मेली. आक्का ओरडली नाही. "घाई तू केलीस, जीव तिचा गेला," एवढंच म्हणाली.

मग तिनं परसात मधोमध जाळी ठोकली. एकीकडं डालग्यासकट चार तलंगा, त्यातली एक ठिपक्यांची; एकीकडं कोंबडा आणि त्याचं खुराडं. दाणे मात्र दोन्ही बाजूंनी जाळीला लागूनच टाकायचे. "खाताना बघू देत एकमेकास्नी. आठ-धा दिस जाऊ देत. त्यो फुगून अंगावर यायचा थांबला, की मग काढायची." दिवसातनं वीस वेळा जाऊन बघायची. सातव्या दिवशी तिथंच छातीला हात लावून मातीत बसली. ती बसली, त्यावरनंच मला कळलं काहीतरी वाईट झालंय.

दवाखान्यातही ती पडून राहीना. सुरेखा सांगायची, सारखी उठायला बघते, घरी जाऊन कोंबड्या बघायच्या म्हणते. अण्णांचा गुडघा गेलेला, ते घरीच. रोज संध्याकाळी आक्काचा मला फोन यायचा, आणि मी भिंतीपाशी उभी राहून बोलायची. एक दिवस तिनं विचारलं, "काढलीस काय गं जाळी?"

कोंबडा शांत झाला होता. जाळी काढायला हरकत नव्हती. पण खिळ्याला हात लावला की मला ते रक्तानं भरलेलं डोकं दिसायचं.

"व्हय, आक्का."

"मारलं न्हाय न्हवं कुणाला?"

"न्हाय."

"आणि रातीला खुराड्यातल्या दांडीवर त्येच्या शेजारी कोण बसतीया?"

आता काय सांगायचं... "ठिपक्यांची," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बसू दे." सुरेखानं नंतर सांगितलं, त्या रात्री आई पहिल्यांदा गाढ झोपली. पुढं चार दिवस मी तेच सांगत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी तो फोन आला.

दिवसपाणी झाले, पाहुणे गेले, सुरेखाही पुण्याला परतली. मग एका रविवारी मी खिळे उपटले. हातात काठी घेऊन उभी राहिले. कोंबड्यानं ठिपक्यांचीला दोनदा टोच मारली, ती पळाली, हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. संपलं. एवढ्यासाठी मी भीत होते. दिवेलागणीला खुराड्यात डोकावलं, तर दांडीच्या एका टोकाला चौघी, दुसऱ्या टोकाला हा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शाळेतनं आले की साडी न बदलता मी आधी खुराड्याकडं जायची. ऑफिसात रजिस्टर लिहिताना मधेच वाटायचं, आज ठिपक्यांची त्याच्या शेजारी बसली असेल. नसायची.

परवा अशीच वाकून बघत होते, तर मागनं अण्णांचा आवाज आला. "लांबच बसतीया न्हवं, ठिपक्यांची?"

मी दचकले. "तुमास्नी कसं ठावं, अण्णा?"

"भिंतीपल्याड तू बोलतीस ते घरात ऐकू येतंय की." काठीवर भार देऊन ते पुढं आले. "तिनं मला बी फोन करून इचारलं. मी बी ठिपक्यांचीच म्हणून सांगितलं."

"पटलं असंल काय तिला?"

"काय की..."

अण्णांनी काठी माझ्या हातात दिली. गुडघा सांभाळत वाकले, खुराड्यात हात घातला, आणि पेंगुळलेल्या ठिपक्यांचीला अलगद उचलून कोंबड्याच्या शेजारी ठेवलं. कोंबड्यानं मान ताठ केली. माझी काठीवरची मूठ घट्ट झाली. तो जरासा सरकला, पंख झाडले, मान आत घेतली.

"आत चला, अण्णा. पाय दुखंल."

"थांब गं वाईच."

अंधार पडला. आत काही दिसेना, तरी आम्ही दोघंही उभेच राहिलो.