पोल्ट्रीशेजारची पार्टी

तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर. रक्कम चाळीस हजार, त्यातले दहा हजार आगाऊ. हजर चौघे: मी, माझी बायको, धाकट्या भावाची बायको आणि पुण्याहून आलेला पार्टीवाल्यांचा माणूस. बाजरी निघून मोकळं झालेलं माझं चार एकर रान त्यांना गाड्या लावायला तीन दिवसांसाठी हवं होतं. स्टेज ओढ्यापलीकडच्या माळावर. आठ-दहा हजार पोरं येतील, दुपारी तीनला डीजे सुरू होईल आणि नियमाप्रमाणे रात्री दहाला बंद, असं त्याने सांगितलं.

भावजयीने दारातूनच एक प्रश्न विचारला. "स्पीकरची तोंडं कुणीकडं?"

महामार्गाकडे, असं तो म्हणाला.

कासुर्डीच्या आमच्या शिवारात भावजयीची पोल्ट्री आहे. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. शेड तीच बघते. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, ही वाढवते, आणि वजनावर मजुरी मिळते. तेव्हा शेडमध्ये पंचवीस दिवसांचे पक्षी होते. पाच हजारांची बॅच. ब्रॉयलर दचकला की कोपऱ्याकडे धावतो, त्याच्या अंगावर दुसरे चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. मागच्या दोन बॅचना पावसाळी हवेमुळे तिच्याकडची मरतूक वाढली होती. या वेळी अडीचशेच्या वर गेली तर पुढची बॅच देणार नाही, असं सुपरवायझर सांगून गेला होता. दोनशे आठ आधीच गेले होते. हातात राहिले बेचाळीस.

पाच दिवसांनी स्टेज उभं राहिलं. विजेच्या तारा आडव्या येतात म्हणून त्यांनी त्याचं तोंड फिरवलं होतं, सरळ शेडकडे. मी चालत मोजलं, अंदाजे चारशे मीटर भरलं. करारात तोंडाबद्दल एक शब्द नव्हता, आणि सही माझी होती.

शेडमध्ये रेडिओ लावून ठेवायची पद्धत सगळ्याच पोल्ट्रीवाल्यांत आहे. सवय झालेला पक्षी लहानसहान आवाजाला दचकत नाही. भावजय म्हणाली, मग हेही शिकवू. तिने भजनी मंडळाचा स्पीकर शेडमध्ये नेला, फोनवर तसलं डीजेचं संगीत शोधलं आणि पहिल्या दिवशी अगदी बारीक लावलं. रोज थोडं वाढवायचं. मंडळातल्या एका मावशींनी बांधावरून विचारलं, "कोंबड्यांचं लगीन काढलं का गं?"

तिसऱ्या दिवशी आवाज चांगला मोठा होता आणि पक्षी निवांत खात होते. तेवढ्यात लाइट गेली. स्पीकर एकदम गप्प झाला, आणि इतका वेळ न हललेले पक्षी कोपऱ्यात धावले. आम्ही दोघांनी हातांनी बाजूला केले तरी अकरा मेले. डीजे सुरू झालेला चालेल, तो अचानक थांबलेला चालणार नाही, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून शनिवारी साऊंडवाल्याला तेवढं सांगायला मी पार्टीला गेलो. जमीनमालक म्हणून पास फुकट होता. गेटवर माझी पाण्याची बाटली काढून घेतली आणि मनगटाला पट्टा बांधला. आत नोटा चालत नाहीत, पट्ट्यात पैसे भरावे लागतात. मी दोनशे भरले; पाणी साठ रुपयांना होतं. लग्नाच्या वरातीतले लोक एकमेकांकडे तोंड करून नाचतात. इथे सगळ्यांची तोंडं स्टेजकडे, हात वर, आणि जागच्या जागी उड्या. भांडण कुठे दिसलं नाही. मी कानांवर हात धरलेले पाहून एका मुलीने पर्समधून स्पंजचे बोळे काढून दिले आणि विचारलं, "काका, फर्स्ट टाइम?" मी हो म्हणालो. ठोका छातीत बसत होता, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या तासाने माझा एक पाय त्यावर हलायला लागला होता.

साऊंडचं टेबल गर्दीच्या मधोमध, लोखंडी कठड्यात होतं. तिथे आवाज सांभाळणारा माणूस शिरूरचा, माझ्याच वयाचा मुसलमान. वडिलांपासून मंडप आणि साऊंडचा धंदा. पोल्ट्रीचं ऐकून तो हसेल असं मला वाटलं होतं. पण त्याच्या सासऱ्यांची केंदूरला पोल्ट्री होती. माझ्या कानाशी तोंड आणून तो म्हणाला, "शेवटचं गाणं माझ्या हातात न्हाई, भाऊ. आवाज हाय. साडेनऊपासनं तुमच्याकडचा थोडा थोडा उतरवतो. पोरांना कळायचंबी न्हाई."

साडेनऊला त्याने खरंच सुरुवात केली. पण महामार्गावर गाड्यांची रांग लागली होती, आणि पाचच मिनिटांत पोलीस स्टेजवर आले. आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणाले. स्टेजवरून कुणीतरी सगळं एका झटक्यात बंद केलं. शिरूरच्या माणसाने माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. मी घरी फोन लावला, तर एवढ्या गर्दीत रेंज नव्हती. मग मी पळत सुटलो. ओढा ओलांडला, लावलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढली, एकदा पडलोही.

शेडजवळ आलो तर ठोका ऐकू आला. पार्टी परत सुरू झाली असं वाटून मागे वळलो, पण आवाज पुढून येत होता. दारातच थांबलो, कारण धावत आत शिरलो असतो तर मीच पक्षी उठवले असते. भावजय खाली अंथरलेल्या तुसावर मांडी घालून बसली होती. शेजारी मंडळाचा स्पीकर, त्याच्या वायरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेल्या, आणि तिचा हात बटणावर. पक्षी बसलेले होते.

"तिकडचं एकदम बंद झालं," मी हळूच म्हणालो.

"ऐकलं मी. दुसऱ्याच्या बटनावर माझं पक्षी कसं सोडू, भाऊजी? हितं अजून तासभर चालंल."

तासाभरात तिने आवाज उतरवत शेवटी बंद केला. सकाळी दाराकडच्या कोपऱ्यात नऊ मेलेले निघाले. पक्षी न्यायला कंपनीची गाडी आली त्या दिवशी एकूण मरतूक दोनशे पंचेचाळीस झाली होती. पुढची बॅच मंजूर झाली.

पार्टीवाल्यांनी उरलेले तीस हजार दिले. त्यातले पाच हजार मी भावजयीपुढे ठेवले. तिने ते घेतले नाहीत. अकरा आपल्या शिकवणीचे होते, ते धरायचे नाहीत, असं म्हणाली, आणि पुढच्या वेळी रान देताना आधी बॅच किती दिवसांची आहे ते विचारायला सांगितलं. नऊ पक्ष्यांचा हिशेब मात्र तिने मान्य केला. दोन किलोचा पक्षी, किलोला आठ रुपये मजुरी, एकूण एकशे चव्वेचाळीस. माझ्याकडे सुट्टे नव्हते. मी तिला दीडशे दिले आणि तिने सहा रुपये परत केले.