मास्तरांच्या खोलीतली टाकी

माझं चष्म्याचं दुकान ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर अगदी समोर मास्तरांचं माशांच्या टाक्यांचं दुकान. मास्तर आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी हे दुकान थाटलं, पण नाव मास्तर ते मास्तरच राहिलं. नुसते मासे विकणाऱ्यांतले ते नव्हते. पाण्याखाली जिवंत वनस्पती लावून ते काचेच्या आत अख्खी टेकडी, दरी, कुरण उभं करायचे. दर्शनी काचेमागची त्यांची मोठी टाकी बघायला येणारेजाणारे थबकायचे. पाणी असं नितळ, की टाकीत पाणी आहे हे मासा हलला तरच कळावं.

मी ज्या बाईची गोष्ट सांगतेय ती या मास्तरांची सून. लग्न होऊन दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा चांगली हसतीखेळती होती. नवरा नाकासमोर चालणारा, वडिलांपुढे हूं की चूं न करणारा. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आल्यावर थोड्याच दिवसांत मास्तरांनी तिच्या हातात एक जुनं प्लास्टिकचं कार्ड दिलं आणि आतल्या बाजूने काच खरवडायला बसवलं. टाकीत शेवाळ साचतं ते काढायचं काम. कोणाला तरी ते करायलाच हवं होतं, आणि मास्तरांना पाण्यात हात घालणं आवडत नसे.

एक दिवस एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मास्तर, शेवाळ खाणारा मासा कुठला हो?"

मास्तरांनी काचेला तोंड चिकटवून बसलेला एक काळा मासा दाखवला. "हा शेवाळखाऊ. आमच्याकडे दोन आहेत. दुसरा मुलासाठी आणलाय." आणि त्यांनी टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं.

गिऱ्हाईक हसलं. दुकानातले बाकीचे हसले. नवरा सगळ्यांच्या शेवटी हसला, पण हसला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं शेवाळखाऊ. मास्तर आवाज न चढवता, लाडाने हाक मारल्यासारखं म्हणायचे, "शेवाळखाऊ, जरा पाणी बदल." नवख्या माणसाला वाटावं, काय प्रेमळ सासरा आहे.

मास्तरांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही. त्यांची रीत वेगळी होती. काचेवर शेवाळाचा ठिपका राहिला, की ते बाहेरून त्याभोवती लाल स्केचपेनने गोल काढायचे. तो गोल दिवसभर तसाच. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? मास्तर म्हणायचे, "सूनबाईंची सही." दुकान भरलेलं असताना तिने पुढे येऊन सगळ्यांदेखत तो ठिपका काढायचा, मगच गोल पुसला जायचा. मी माझ्या काउंटरवरून कितीदा पाहिलंय ते. तिचे कान लाल झालेले रस्त्यापलीकडून दिसायचे.

तरी ती शिकली. मास्तर गिऱ्हाइकांना फार छान समजावून सांगायचे आणि ती कान देऊन ऐकायची. वनस्पती आणि शेवाळ, दोघांचं खाणं एकच. उजेडही तोच लागतो. वनस्पती जोमात असल्या तर शेवाळाला काही उरत नाही. दिवा जास्त वेळ राहिला, माशांना खाणं जास्त पडलं, फिल्टर तुंबला, की पारडं फिरलंच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर त्यात राहणारे उपयोगी जिवाणू मरतात. हे सगळं तिच्या हातात उतरलं. लांब चिमट्याने एकेक रोप वाळूत खोचायला बसली की तिला कशाचं भान नसायचं. मला म्हणायची, "ताई, तेवढा वेळ मला कोणाचं ऐकू येत नाही."

मूल झालं नाही. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. दोष कोणाचा ते नवऱ्याला ठाऊक होतं, त्याच्या तोंडाला कुलूप होतं. एक दिवस गिऱ्हाइकांत कोणीतरी मास्तरांना सहज नातवंडांचं विचारलं. मास्तर म्हणाले, "हा मासा घरच्या टाकीत अंडी घालत नाही हो. लाख करा, घालत नाही."

त्या वेळी कोणी हसलं नाही. नवरा पंपाच्या वायरीचा गुंता सोडवत खाली बघत राहिला. ती टाकीतून हात काढून, न पुसताच, मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मास्तरांनी हाक मारली तेव्हा परत आली आणि राहिलेलं काम पुरं केलं.

मग बोटाचं झालं. टाकीतल्या एका धारदार दगडाने उजव्या हाताचं मधलं बोट कापलं. साधी जखम, पण बरी होईना. तिथे एक गाठ आली, ती निळसर झाली, मग मनगटाच्या दिशेने दुसरी. तिने रबरी हातमोजे मागितले. मास्तर म्हणाले, "मोज्यांनी कोवळी पानं चिरडतात. नाजूक काम आहे हे, नाली साफ करायची नाही." नेहमीच्या डॉक्टरांनी मलमं दिली. बरेच महिने असेच गेले. बोट दुमडेना, मग सरळ होईना. शेवटी मीच तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, माशांच्या पाण्यातला एक जंतू जखमेतून आत जातो, त्याचं दुखणं आहे. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील. आणि हा हात पाण्यात घालायचा नाही, अजिबात नाही.

घरी येऊन तिने हे सांगितलं. त्या आठवड्यात दर्शनी टाकीचे फोटो काढायला बाहेरगावचे लोक येणार होते. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"डावा हात आहे ना?" ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "एवढे फोटो होऊ देत, मग बघू आपण."

तिने डाव्या हाताने टाकी साफ केली. फोटो फार सुंदर आले, मास्तर टाकीशेजारी उभे. फोटो झाले, पण "मग बघू" काही आलं नाही. उजवा हातही पाण्यात जात राहिला, गोळ्या मध्येच बंद पडायच्या, आणि बोट कायमचं आकड्यासारखं वाकडं राहिलं. बटण लावताना तिला आजही वेळ लागतो.

काही वर्षांनी मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. डोळ्यांत सगळं समजत असलेलं दिसायचं. त्यांची खाट वरच्या मजल्यावर समोरच्या खोलीत लावली. दुकान आणि आजारपण, दोन्ही सुनेवर आलं.

आणि तिने केलं हो. अंग पुसणं, चारणं, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी. पाठीवर एक फोड येऊ दिला नाही. बघायला येणारे मला सांगायचे, अशी सून मिळायला नशीब लागतं.

मग तिने त्यांच्या खोलीत टाकी लावली. मध्यम आकाराची, खाटेच्या पायथ्याशी. खाट थोडी फिरवून घेतली, म्हणजे डोळे उघडले की समोर टाकीच. आत तिने जीव ओतला. बारीक पानांचं कुरण, मागे लालसर झुडपं, मधे झुकलेलं एक लाकूड, आणि वीतभर उंचीवर फिरणारा इवल्याशा माशांचा थवा. मी बघायला गेले तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डावा हात उचलून त्यांनी तिच्याकडे पाहून काहीतरी खूण केली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच शाबासकी दिली असावी. तिने त्यांचा घसरलेला हात पांघरुणात घातला.

पुढचं मला त्या वेळी कळलं नाही. नंतर तिनेच सांगितलं, स्वेटर विणताना टाके सांगावेत तसं.

मास्तरांचा जीव टाकीत पुरता गुंतू दिला तिने. मग एकेक करून मासे काढून खालच्या टाकीत नेले. "त्यांचा काय दोष, ताई?" ती म्हणाली. मासे संपल्यावर दिव्याचा टायमर काढून टाकला. दिवा सकाळपासून निजेपर्यंत चालू. फिल्टरचा स्पंज धुणं बंद. मासे नसलेल्या पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाकायचं, कुजायला. रोपांचं खत दुपटीने.

पहिला ठिपका काचेवर आला तेव्हा तिने खालून लाल स्केचपेन आणलं आणि मास्तरांच्या नजरेसमोर, त्यांच्याकडे बघत, त्याभोवती गोल काढला.

तेव्हा त्यांना कळलं.

आधी तपकिरी धूळ बसली. मग पानांवरून हिरवे धागे लोंबायला लागले. लाकडाला काळी दाढी फुटली. कुरण त्याखाली पिवळं पडलं आणि सडून वर तरंगायला लागलं. शेवटी निळसर हिरवा बुळबुळीत थर सगळ्यावर पसरला आणि खोलीत डबक्यासारखा वास कोंडला. ज्या माणसाला काचेवरचा ठिपका सहन होत नव्हता, त्याच्यासमोर हे दिवसरात्र. ते डोळे मिटून घ्यायचे. ती खाटेशी औषध घेऊन उभी राहायची आणि हळू आवाजात म्हणायची, "डोळे उघडा, बाबा. थेंब घालायचेत." उघडेपर्यंत उभी राहायची. थेंब एकदा घालून झाले की उशी थोडी उंच करायची.

भेटायला येणारे विचारायचे, मासे दिसत नाहीत ते? ती म्हणायची, "आहेत की. बाबांनाच दिसतात, त्यांची नजर सरावलेली." पाणी हिरवं झालंय म्हटलं, की सांगायची, "बाबांना असंच आवडतं आता, जंगलासारखं." मास्तर घशातून आवाज काढायचे, डावा हात आपटायचे. लोकांना वाटायचं, आनंद झालाय.

हे असं वर्षभर तरी चाललं असेल. मास्तर जेवायचे कमी झाले. मग एका दुपारी, ती दुकानात असताना, खाटेवरून पडले. खाटेवरच टाकीच्या दिशेने सरकत गेले होते. डाव्या हाताच्या नखांत हिरवं होतं आणि काचेवर, वरून हात पोचला तिथपर्यंत, चार बोटांनी पुसल्याच्या रेघा होत्या. काचेवर आतून साचलेलं बाहेरून पुसून निघत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणजे वरच्या कडेवरून त्यांनी हात आत घातला होता. डोकं खाटेच्या लोखंडी पायावर आपटलं. दवाखान्यात नेलं, पण शुद्धीवर आले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे जाऊन घर रिकामं झाल्यावर, ती टाकी उपसायला वर गेली. नवरा खाटेवर बसला होता, गादी काढलेल्या फळ्यांवर.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

ती बादली घेऊन उभी राहिली.

"मी रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसायचो ना. ते माझं मनगट धरून दिव्याच्या बटणाकडे ओढायचे. रोज. जोर किती होता त्यांच्या डाव्या हातात."

"मग बंद का नाही केला?"

"तू रागावशील म्हणून."

ती मला म्हणाली, "ताई, त्या क्षणी मला बाबांची कीव आली. पहिल्यांदाच. मी निदान त्यांचा सूड घेत होते. हा माणूस काय करत होता?"

मी विचारलं, "मास्तर गेल्यावर तुला हलकं वाटलं का गं?"

"ते असताना वाटायचं," ती म्हणाली. "रोज जिना चढताना वाटायचं. आता चढावंसं काही नाही वर."

त्याच आठवड्यात, कपड्यांच्या घड्या घालता घालता, तिने नवऱ्याला सांगितलं की आजपासून तुम्ही खाली पंप आणि खोकी ठेवतो त्या खोलीत झोपायचं. त्याने का विचारलं नाही, किती दिवस तेही विचारलं नाही. गादीची गुंडाळी खांद्यावर टाकून खाली गेला. त्याला अजून वर बोलावलेलं नाही. रस्त्यावरच्यांना वाटतं, माल महाग झालाय, राखणीला झोपत असेल.