तुळसीबाईंच्या टिपणातलं जादा वाक्य

तुळसीबाईंनी एकवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं आहे. चेन्नईच्या विधानसभेत त्या प्रतिवेदक आहेत. अध्यक्षांच्या आसनापुढच्या टेबलाशी दहा मिनिटं बसायचं, जो जे बोलेल ते तमिळ लघुलिपीत टिपायचं, पुढचा आला की उठायचं आणि आपली दहा मिनिटं टाइप करून द्यायची. घरी तंजावरची मराठी, कचेरीत तमिळ. घरातलं घरात आणि कचेरीतलं कचेरीत ठेवणं त्यांना कधी जड गेलं नाही.

त्या एप्रिलात ते जमेना. कारखान्यांना बारा तासांची पाळी लावायची मुभा देणारं विधेयक सभागृहात आलं होतं. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी, असं सरकार सांगत होतं. तुळसीबाईंचे यजमान जनकोजीराव ओरगडमला ट्रकच्या एका कारखान्यात फिटर. तांबरमच्या घरून कंपनीच्या बसने जाण्यायेण्यातच त्यांचे अडीच-तीन तास जात. आठवडाभर ते जेवताना एकच सांगत होते.

"बारा तास कामावर असलेला माणूस घरी राहत नाही, नुसता झोपायला येतो."

बाई ऐकून घेत आणि ताट पुढे सारून उगाच ओटा पुसायला उठत.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधेयक चर्चेला आलं आणि मतदानाच्या वेळी नेमकी त्यांची पाळी लागली. विरोध करणारे सदस्य उभे राहून एकदम बोलत होते. सरकारच्या बाजूचे काही मित्रपक्षही विरोधात होते. डाव्या पक्षाचे एक वयस्क सदस्य काही सांगत असताना गलका इतका वाढला की त्यांचे ओठ हललेले दिसले, शब्द आले नाहीत. बाईंचा हात मात्र थांबला नाही. अध्यक्षांनी अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही', असं सांगितलं. दोन्हीकडून आवाज आले. 'होय'चा आवाज मोठा, म्हणून विधेयक मंजूर. विरोधक सभात्याग करून निघाले. दहा मिनिटं संपली.

वर येऊन त्या टाइप करायला बसल्या. वयस्क सदस्यांच्या भाषणापाशी त्यांची बोटं अडली. टिपणात स्वच्छ लघुलिपीत, तमिळमध्ये लिहिलं होतं: बारा तास कामावर असलेला माणूस घरी राहत नाही, नुसता झोपायला येतो.

त्यांनी ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिथे नुसता गलका होता. ते वाक्य त्या सभागृहात कोणीच बोललं नव्हतं.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पाणी प्यायल्या. वाक्य खरं होतं. ते ठेवलं असतं तर त्या सदस्यांनीही कदाचित हरकत घेतली नसती, उलट बरंच वाटलं असतं. अर्धा तास त्या अशाच उठबस करत होत्या. शेवटी टिपणवही घेऊन त्या मुख्य प्रतिवेदक नारायणस्वामींकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. नारायणस्वामी निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी ध्वनिमुद्रण कानाला लावून ती जागा ऐकली.

"निवडून आलेल्यांनाच इथे बोलता येतं, अम्मा," ते म्हणाले. "लोकांनी आपल्याला पाठवलेलं नाही."

बाईंनी ते वाक्य वगळून त्या जागी 'गोंधळामुळे ऐकू आले नाही' असं लिहिलं. नारायणस्वामींनी पान तपासून सही केली.

संध्याकाळी जनकोजीरावांनी विचारलं, म्हणजे आता कायदा झाला का? बाईंनी सांगितलं की सभागृहाने मंजूर केलं म्हणजे लगेच कायदा होत नाही. राज्यपालांची संमती लागते, आणि हा केंद्राच्या कायद्यातला बदल, तेव्हा तो राष्ट्रपतींपर्यंतही जाईल. तोवर थांबायचं. पण थांबणं दोघांनाही जमेना. ते संघटनेच्या सभांना जाऊ लागले, त्या सुट्टीच्या दिवशी दिवसभर बातम्या लावून बसत.

फार थांबावं लागलं नाही. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, सरकारने त्यांना चर्चेला बोलावलं, विधेयक आधी स्थगित झालं आणि मे महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मागे घेत असल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी जेवताना बाईंनी यजमानांना सगळं सांगितलं.

"माझं वाक्य तू काढलंस?" त्यांनी विचारलं.

"काढलं."

ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, बरोबर केलंस.

बाईंची तगमग काही गेली नाही. पुढच्या अधिवेशनाआधी त्या नारायणस्वामींना म्हणाल्या, माझ्या घराशी संबंध असलेला विषय निघाला तर माझी पाळी दुसऱ्याला द्या. त्यांनी मान हलवली आणि कामकाजाची यादी पुढे ठेवली, तुम्हीच खुणा करा म्हणाले. बाई पेन्सिल घेऊन बसल्या. रेशन, बसभाडं, सरकारी दवाखाने, पिण्याचं पाणी, शाळांच्या फिया. पहिलं पान उलटलं, दुसरंही उलटलं; घराशी संबंध नसलेला विषय सापडेना. एकही खूण न करता त्यांनी यादी परत दिली आणि अकराच्या पाळीसाठी खाली गेल्या.