नसीर, राहणार मिरजगाव

नसीर मिरजगावचाच होता, हे आज लेखी मिळालं.

तो मेल्यावर.

परवा मस्कतमध्ये वारला. गच्चीवर एसी दुरुस्त करताना हार्ट अटॅक. बॉडी आणायची तर माणूस इथलाच असल्याचा दाखला लागतो म्हणे. त्याची पोरगी सानिया आणि मी सकाळी कचेरीत गेलो. अर्ध्या तासात सही, शिक्का, सगळं.

हाच दाखला गेल्या वर्षी मागितला होता. तेव्हा नाही मिळाला.

आणि त्याला कारण मी.

नसीर माझा पहिलीपासूनचा दोस्त. पंधरा वर्षं तिकडं एसी मेकॅनिक. सानिया बारावीपर्यंत तिकडंच शिकली. पुढं फार्मसी आपल्या देशात करू दे म्हणून गेल्या वर्षी बिऱ्हाड घेऊन कायमचा गावी आला.

माझं हायवेला फ्लेक्सचं दुकान. दोस्त आल्यावर मी गप्प बसतोय व्हय! स्टँडसमोर वीस फुटी बोर्ड ठोकला. गॉगलवाला फोटो. "मस्कतचे सुप्रसिद्ध उद्योजक नसीरभाई यांचे सहर्ष स्वागत!"

"आरं येड्या, मी दुसऱ्यांचे एसी पुसतो. कसला उद्योजक?"

"फ्लेक्सवर समदेच उद्योजक असत्यात. गप हस."

हसला बिचारा.

मग कॉलेजनं सांगितलं, बारावी परदेशात झाली, म्हणजे फी एनआरआयची. रहिवासी दाखला आणा, उत्पन्नाचा आणा, मग सवलतीचं बघू.

चौकशीला कचेरीतले साहेब आले. स्टँडवर उतरले. समोर बोर्डावर नसीर, गॉगल लावून.

साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला. मी दुकानातून बघत होतो. मला वाटलं, बोर्ड आवडला असेल.

शेरा आला. अर्जदार परदेशातील उद्योजक, गावी कायम वास्तव्य नाही.

मी पळत गेलो. "साहेब, मीच छापलंय ते. खोटं हाय!"

"गावासमोर लावलं तेव्हा खरं होतं, आणि आता खोटं?"

 मी उलट्या पावली परत आलो.

नसीर मला एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एनआरआयची जादा फी भरायला परत बॅग भरली.

"पोरीची चार वर्षं हायेत. तेवढी काढतो तिकडं. मग आलोच."

एका हातानं छाती चोळत होता.

"काय रे, काय हुतंय?"

"ॲसिडिटी. लई दिवसांची हाय."

मी सोडा पाजला आणि गाडीत बसवला. सोडा!

तो बोर्ड मला काढवेना. वर्षभर फाटत, फडफडत राहिला. रोज शटर उघडलं की आधी तोच दिसायचा. आज दुपारी उतरवला.

आता गावातली पोरं श्रद्धांजलीचा फ्लेक्स मागतायत. तोच गॉगलवाला फोटो पाठवलाय.

संध्याकाळी सानिया दुकानात आली. रडली नाही.

"काका, अब्बांच्या नावापुढं काही लिहू नका."

जाता जाता म्हणाली, "दुसऱ्या वर्षाच्या फीचा मेसेज आलाय. माझा पासपोर्ट अजून चालू आहे. तिकडं अब्बांच्या कंपनीत नोकरीचं विचारलंय मी."

अगदी बापासारखं, शांतपणे म्हणाली. 

सानिया, हे वाचत असशील तर थांब गं बाळा. उद्या हा नवा दाखला घेऊन मी तुझ्या कॉलेजात येतोय. त्यांनी हाकललं तर परवा येतो.

फ्लेक्स छापलाय. गॉगल नाही. एवढंच लिहिलंय:

नसीर. एसी मेकॅनिक. राहणार मिरजगाव.

माफ कर दोस्ता. ये आता घरी.