मांडीवरची निळी पिशवी

औंढ्याच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावर मंजुळाबाईची निळी पिशवी शेंबडं पोरही ओळखायचं. सत्त्याण्णव साली एका संस्थेनं तिला कळमनुरीला पंधरा दिवस शिकवलं आणि ती पिशवी खांद्याला अडकवून दिली. आत तापाच्या गोळ्या, खरजेचं मलम आणि हगवणीवर पाण्यात कालवून द्यायच्या जलसंजीवनीच्या पुड्या. सगळं फुकट, आणि फुकट म्हणूनच लोक नाकं मुरडायचे. सुई न टोचणारी ही कसली डॉक्टरीण? हिंगोलीला जाऊन सलाईन लावून आलेला गडी आठ दिवस छाती काढून फिरायचा. पैसे मोजले तरच औषध खरं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. काय करता अशा माणसांना!

तरी मंजुळाबाई हटायची नाही. हगवण लागलेलं लेकरू मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं घोटघोट पाजत बसायची. ओकलं तर जरा थांबायची, पुन्हा पाजायची. लेकरू मुतलं, म्हणजे अंगात पाणी टिकलं, की म्हणायची, "झालं. आता हे कुटं जात न्हाई." दोन पावसाळ्यांत अशी अकरा लेकरं तिनं उठवून बसवली.

तिसऱ्या पावसाळ्यात तिच्याच नातीला, दीड वर्षाच्या संगिताला, हगवण लागली. मंजुळाबाई पुडी फोडायला गेली, तर तिचा लेक जगन आडवा आला.

"लोकाच्या लेकरायला फुकटाचं पाजलं तेवढं बस झालं. माझ्या पोरीला हिंगोलीला नेतो."

मंजुळाबाईची जीभ एरवी चांगली धारदार, पण तेव्हा तिनं पुडी परत पिशवीत ठेवली. लाजेची गोष्ट ही, की आतून तिलाही तसंच वाटलं. घरची नात, तिला मोठा डॉक्टरच बरा.

हिंगोलीच्या खाजगी दवाखान्यात कंपाउंडरनं पोरीकडं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "आधी दोन हजार भरा. तोपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही." जगन पैशासाठी धान्याच्या मोंढ्यात अडत्याकडं पळाला. सून मिना लेकरू घेऊन बाकावर बसली. शेजारी मंजुळाबाई, मांडीवर निळी पिशवी.

बारा वाजले, एक वाजला. पोरीची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अंगातलं पाणी आटल्याची हीच तर लक्षणं कळमनुरीला शिकवली होती. समोर पाण्याचा माठ होता. मंजुळाबाईचा हात दोनदा पिशवीत गेला. दोन्ही वेळा कंपाउंडरनं वर पाहिलं आणि तिनं हात बाहेर काढला. एवढ्या शिकलेल्या माणसापुढं तांड्यावरच्या बाईनं काय बोलावं, असं तिला वाटलं.

तीन वाजता जगन पैसे घेऊन आला. पावती फाटली, बाटली टांगली, पण शीर काही सापडेना. संगिता तिथंच गेली.

त्यानंतर मिना सासूशी कामापुरतंच बोलायची. दोन वर्षांनी तिच्या धाकट्या पोराला हगवण लागली. जगन जीप बघायला निघाला, तेव्हा मिनानं लेकरू उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं आणि माठातलं पाणी आणून दिलं. मंजुळाबाई सकाळपासून पाजत राहिली. दिवस कलायच्या आत लेकरू मुतलं. तिचं नेहमीचं वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही.

"याडी," मिना म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची. "त्या दिवशी पिशवी तुमच्या मांडीवरच व्हती न्हाई?"

"व्हय."

"पुड्या व्हत्या त्यात?"

"व्हत्या."

मिनानं लेकरू घेतलं आणि ती आत गेली.